नाकावर टिच्चून मॅकग्रेगर

पहिला दिवस : एडिंबरा

गाडीतून उतरल्यावर पहिलं काय वाचलं असेल तर कादंबरीचं नाव. एडिंबराच्या मुख्य स्टेशनाचं नाव वेव्हर्ली. वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ १८१४ मध्ये निघाली, रेल्वे तिथे आली त्यानंतर तीसेक वर्षांनी. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून दादर स्टेशनाला ‘उषःकाल टर्मिनस’ नाव दिलं तर कसं वाटेल, तसं.

माझी भाची सायली इथे नोकरीला आहे. तिने सहा दिवसांची रजा काढली होती आणि मी सहा दिवसांची यादी. तिला वाटलं होतं मावशी किल्ला बघेल, लोकर घेईल, शॉर्टब्रेडचे डबे भरून परत जाईल. मी यादी पुढे केली तर त्यात एक कबर, एक पडीक माळ, एक पाणीपुरवठ्याचा तलाव.

“मावशी, हे बघायला तू पुण्याहून आलीस?”

हो. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत मी स्कॉटच्या चार कादंबऱ्या वाचून काढल्या. शाळेत ‘आयव्हॅनो’ची संक्षिप्त आवृत्ती होती तेव्हापासूनचं हे खूळ. आता मला बघायचं होतं की कादंबरीतला शूरवीर आणि तिथली माती यांचं नेमकं काय नातं आहे. म्हणजे मातीने वीर घडवला की कादंबरीकाराने दोन्ही घडवलं.

स्टेशनाबाहेर पडलं की प्रिन्सेस स्ट्रीटवर स्कॉटचं स्मारक. काळवंडलेलं, टोकदार, ६१ मीटर उंच. एखाद्या चर्चचं निव्वळ शिखर कापून आणून रस्त्यावर ठेवल्यासारखं. खाली स्कॉट संगमरवरात बसलाय, शेजारी मायडा नावाचा त्याचा कुत्रा. वरच्या कोनाड्याकोनाड्यांतून त्याच्याच पुस्तकांतली पात्रं उभी. आपल्याकडे देवळाच्या शिखरावर देवदेवता असतात, तिथे ही मंडळी. स्मारकाचा आराखडा जॉर्ज मीकल केम्प या मेंढपाळाच्या मुलाचा. स्मारक पुरं व्हायच्या आधीच, १८४४ मध्ये, तो कालव्यात बुडून गेला.

पायऱ्या २८७. सिंहगड चढलेल्या बाईला २८७ म्हणजे काहीच नाही, असं मी सायलीला सांगितलं. सांगायला नको होतं. जिना गोल, अंधारा, आणि शेवटच्या टप्प्यात इतका अरुंद की वरून उतरणाऱ्या एका गृहस्थांना वाट द्यायला मी भिंतीला पालीसारखी चिकटले. त्यांचं पोट, माझी पर्स आणि तो दगड असा तिहेरी तह होईपर्यंत कोणीच हललं नाही.

खाली येऊन चहा घेतला. उरलेले पैसे परत मिळाले त्यात बँक ऑफ स्कॉटलंडची पाच पौंडांची नोट. तिच्यावरही स्कॉट! याला कारण आहे. १८२६ मध्ये लंडनच्या सरकारने ठरवलं की बँकांनी पाच पौंडांच्या आतल्या नोटा काढायच्या नाहीत. स्कॉटलंडचा सगळा बाजार एक पौंडाच्या नोटेवर चालायचा. स्कॉटने टोपणनावाने पत्रं लिहून असा काही दंगा केला की सरकारला स्कॉटलंडपुरता तो बेत सोडावा लागला. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या मला हा पराक्रम तलवारबाजीपेक्षा जास्त कळतो. (हीच नोट पुढे लंडनच्या एका दुकानात पोराने उलटीपालटी करून परत दिली. इथे चालत नाही म्हणाला. पत्रं अजून संपलेली नाहीत म्हणायची.)

संध्याकाळी रॉयल माइलवर. सेंट जाइल्स चर्चजवळ फरसबंदीत दगडांचं एक बदाम बसवलंय, आणि येणारे-जाणारे त्यावर थुंकतात. शब्दशः. जुना तुरुंग इथे होता, १८१७ मध्ये पाडला. त्याला लोक ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ म्हणायचे. स्कॉटने त्याच नावाची कादंबरी लगेच पुढच्या वर्षी दिली आणि आज ते एका फुटबॉल क्लबचंही नाव आहे. थुंकण्याचा सार्वजनिक आणि प्रतिष्ठित परवाना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पुणेकर असूनही मन झालं नाही.

मग टार्टनची दुकानं. एकाला लागून एक. चौकड्यांचे मफलर, चौकड्यांच्या टोप्या, कुत्र्यांचे चौकड्यांचे कोट. प्रत्येक घराण्याची वेगळी चौकट, तुमचं आडनाव सांगा, काढून देतो. दुकानदाराने मला विचारलंसुद्धा. “कुलकर्णी,” मी म्हटलं. त्याने अत्यंत प्रामाणिकपणे यादी बघितली.

या दुकानांच्या मुळाशी १८२२ साल आहे. १७४६ च्या कलोडनच्या लढाईत बंड मोडल्यावर हायलंडचा, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाचा, वेश कायद्याने बंद केला होता, तो कायदा १७८२ मध्ये उठला. आणि पुढे चाळीस वर्षांनी राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. पावणेदोनशे वर्षांत गादीवरचा राजा स्कॉटलंडमध्ये आलाच नव्हता. सोहळ्याची सगळी मांडणी स्कॉटकडे. त्याने अख्ख्या शहराला हायलंडर बनवलं. ज्या सखल मुलखातल्या वकील-व्यापाऱ्यांचे आजे डोंगरातल्या या लोकांना गुरंचोर म्हणायचे, त्यांचे नातू चौकड्या नेसून रांगेत उभे राहिले. राजा स्वतः किल्ट घालून आला, खाली अंगाच्या रंगाचे गुलाबी पायमोजे. लोक हसले. पण वेश मात्र त्या दिवसापासून सगळ्या देशाचा झाला.

हसताना मला आपल्या पाडव्याच्या शोभायात्रा आठवल्या. नऊवारी, नथ, फेटा, गॉगल आणि खाली बुलेट. मीही एका वर्षी फेटा बांधून घेतला होता. माझ्या आजीने जन्मात बांधला नव्हता.

दुसरा दिवस : ॲबट्सफर्ड, ड्रायबरा

वेव्हर्लीहून ट्वीडबँकपर्यंत तासाभराचा रेल्वेप्रवास, मग ट्वीड नदीच्या काठाने वीस-पंचवीस मिनिटं पायी. हा सीमेचा मुलूख. इंग्लंड इथून हाकेवर. डोंगर कसले, मऊ टेकड्याच. वर मेंढ्या, साबुदाणा सांडल्यासारख्या.

स्कॉट लहानपणी पोलिओने उजव्या पायाने अधू झाला, म्हणून त्याला एडिंबराहून आजोबांच्या शेतावर याच भागात पाठवलं. तिथे त्याने म्हाताऱ्यांच्या तोंडून सीमेवरच्या लुटालुटीची गाणी आणि गोष्टी ऐकल्या. पुढे वकील झाला, या जिल्ह्याचा शेरिफ झाला, गाणी गोळा करून छापली, मग स्वतः कविता, आणि बेचाळिसाव्या वर्षी कादंबरी. तीही निनावी. तेरा वर्षं कबूल करत नव्हता की वेव्हर्लीवाला लेखक मीच. ओळखत सगळेच होते.

१८११ मध्ये त्याने कार्टलीहोल नावाचं शेत घेतलं. आसपासचे लोक त्याला ‘क्लार्टी होल’ म्हणायचे, म्हणजे चिखलाचा खड्डा. त्याने नाव बदलून ॲबट्सफर्ड केलं आणि त्यावर बुरूज, मनोरे, गवाक्षं असलेला हा वाडा चढवला. आत शिरलं की चिलखतं, शिंगं, ढाली. प्रत्येक भिंत काहीतरी सांगायला टपलेली. रॉब रॉय या फरारी हायलंडरची बंदूक आणि त्याची कमरेची चामडी थैली काचेमागे. एडिंबराचा तो तुरुंग पाडला तेव्हा त्याचा दरवाजाच स्कॉटने उचलून आणला, तो भिंतीत वर बसवलाय, जिथून कोणी ये-जा करूच शकत नाही.

“हे म्युझियम आहे की घर?” सायली.

“त्याच्यासाठी दोन्ही एकच असावं.”

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले अभ्यासिकेत. छोटी खोली, तिन्ही बाजूंनी पुस्तकं, मध्ये टेबल आणि चामड्याची खुर्ची. खुर्चीचं चामडं हाताच्या जागी झिजलेलं. १८२६ मध्ये त्याचा प्रकाशक बुडाला, छापखान्यात त्याची भागीदारी होती तीही बुडाली, आणि याच्या डोक्यावर सव्वा लाख पौंडांच्या आसपास कर्ज. दिवाळं जाहीर करता आलं असतं. त्याने सांगितलं, लिहून फेडतो. सहा वर्षं या टेबलावर बसून तो अक्षरशः हप्ते लिहीत होता. नोटांसाठी सरकारशी भांडला तेही याच वर्षी. १८३२ च्या सप्टेंबरात याच घरात, खालच्या जेवणघरात नदीकडे तोंड करून त्याने प्राण सोडला. उरलेलं कर्ज नंतर पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं. वसुली खात्यात काम केलेल्या कुणालाही या खुर्चीपुढे हात जोडावेसे वाटतील.

बाहेर बाकावर डबा उघडला (सायलीचे पराठे, माझं लोणचं). तिने विचारलं, “मग ‘वेव्हर्ली’चा हीरो कोण? वेव्हर्लीच ना?”

इथेच तर गंमत आहे. एडवर्ड वेव्हर्ली हा इंग्लिश पोरगा, पुस्तकं वाचून डोकं फिरलेला. सरकारी फौजेत अधिकारी. फिरत फिरत हायलंडमध्ये जातो, फर्गस मॅकआयव्हर नावाच्या तडफदार सरदारावर आणि त्याच्या बहिणीवर भुलतो, आणि गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्सच्या १७४५ च्या बंडात सामील होतो. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. मरायची वेळ येते तेव्हा फर्गस फासावर जातो, वेव्हर्लीला माफी मिळते आणि तो सखल मुलखातल्या शांत मुलीशी लग्न करून वाड्यात राहतो. त्या वाड्यात शेवटी एक चित्र टांगलेलं असतं: हायलंडच्या वेशातले वेव्हर्ली आणि फर्गस. म्हणजे बंड संपलं, बंडखोर मेला, आणि उरलं ते जेवणघरातलं सुरेख चित्र. पराठा खाता खाता मी मागे वळून त्या वाड्याकडे बघितलं आणि मला वाटलं, त्याने स्वतःचं घरही तेवढ्यासाठीच बांधलं.

हा सांगाडा मराठी वाचकाला नवा नाही. हरिभाऊंच्या ‘उषःकाल’मध्ये शिवाजी महाराज आहेत, पण आपण ज्याच्या खांद्यावर बसून सगळं बघतो तो नानासाहेब काल्पनिक. त्याचे वडील रंगरावअप्पा विजापूरच्या मिठाला जागणारे, पोराचं मन स्वराज्याकडे. मधला माणूस. त्याच्याही आधी १८७१ च्या गुंजीकरांच्या ‘मोचनगड’मध्येही गोष्ट किल्ल्यावरच्या कल्पित माणसांची, महाराज पाठीमागे. खरा वीर मधोमध उभा केला की त्याला घाम येताना, चुकताना दाखवावं लागतं. म्हणून तो लांबून, टेकडीवरून दिसतो. फरक एवढाच की आमचा मधला माणूस शेवटी वीराकडे जातो, स्कॉटचा घरी जातो.

दुपारी बसने सेंट बॉसवेल्स, नदीवरचा पादचारी पूल ओलांडून ड्रायबरा मठाचे अवशेष. स्कॉटची समाधी तिथे, लालसर दगडाच्या कमानींखाली. फार न थांबता आम्ही वर झाडीत चढलो, कारण मला वॉलेस बघायचा होता.

इंग्लंडविरुद्ध लढलेल्या विल्यम वॉलेसचं हे पहिलं मोठं स्मारक. तांबड्या वालुकाश्माचा अजस्र पुतळा, १८१४ मध्ये इथल्या एका अर्लने उभारलेला. ‘वेव्हर्ली’चंच साल! आणि त्याच्या चार वर्षं आधी, १८१० मध्ये, जेन पोर्टर या बाईची ‘द स्कॉटिश चीफ्स’ ही वॉलेसवरची कादंबरी आली आणि धो धो खपली. तिच्या पुस्तकात वॉलेस साक्षात मधोमध आहे. त्याला घाम येत नाही, तो चुकत नाही, बोलतो तेही प्रवचनासारखं. मी शंभर पानांत टेकले. पण ऐतिहासिक कादंबरीचा जनक म्हणून स्कॉटला हार घालताना ही बाई रांगेत आधी उभी होती हे लोक सोयीने विसरतात. पुतळा तिच्या वॉलेससारखाच आहे: दाढी, ढाल, हातात भली मोठी तलवार, नजर दरीपार. त्याच्या पायाशी उभं राहिलं की नजर त्याच्या गुडघ्यालाही पोचत नाही.

तिसरा दिवस : कलोडन

इन्व्हर्नेसपर्यंत साडेतीन तास ट्रेन. मग बस. मग पाऊस.

कलोडनचा माळ बघण्यासारखा नाही, हेच तिथे बघण्यासारखं आहे. पाणथळ जमीन, काटेरी झुडपं, हेदर. एका रांगेत निळी निशाणं, समोर लाल. निळी बंडवाल्यांची फळी, लाल सरकारची. १६ एप्रिल १७४६. रात्रभर चालून थकलेले, उपाशी हायलंडर या चिखलातून तोफांच्या तोंडावर धावले. तास भरायच्या आत खेळ संपला. त्यांची दीड हजारांच्या आसपास माणसं पडली, समोरची सरकारी आकड्याप्रमाणे पन्नास. पुढे जखमींनाही सोडलं नाही. सरकारी फळीत स्कॉटिश पलटणीही होत्या, हे विकत घेतलेल्या चहाच्या मगांवर लिहिलेलं नसतं.

मला पानिपत आठवलं नसतं तर नवल. दोन्हींत पंधरा वर्षांचं अंतर. आपल्याकडेही त्या दिवसाचा वाक्प्रचार झाला आणि घरोघर कोणीतरी ‘तिथे गेलेला’ असतो. सांगलीच्या माझ्या आत्या त्यांच्या सासरच्या कुणा पूर्वजाबद्दल असं सांगायच्या की परवाच भाजी आणायला गेला आणि परतला नाही.

गवतात लांबट उंचवटे आहेत. त्या सामुदायिक कबरी. त्यांवर घराण्यांच्या नावाचे ओबडधोबड दगड, तेही लढाईनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १८८१ मध्ये रोवलेले. काहींवर नुसतंच ‘मिश्र घराणी’. फ्रेझरांच्या दगडासमोर मात्र दोर बांधलेला, गवत तुडवलं गेलेलं, दोराच्या अलीकडे फुलं. सायलीने कानात सांगितलं, ही फुलं एका टीव्ही मालिकेतल्या फ्रेझरला आहेत, जो कधी नव्हताच. खरे फ्रेझर खाली, फुलं खोट्याला. मी आधी चिडले. मग शेजारी एक बाई, माझ्याच वयाच्या, पावसात टोपी काढून डोळे पुसत उभ्या होत्या. त्या कोणासाठी रडत होत्या, मालिकेतल्यासाठी की मातीतल्यांसाठी, हे मी कोण विचारणार?

आणि एक. स्कॉटने ‘वेव्हर्ली’मध्ये ही लढाई लिहिलीच नाही. कादंबरी बंडावरची, बंडाचा शेवट इथे, आणि त्याचा नायक आधीच वाटेत मागे राहतो, लढाईची बातमी तेवढी कळते. त्याच्यासारखा हत्यारांचा शौकीन माणूस या माळाला वळसा घालून जातो. भिजत उभं राहिल्यावर मला ते पटलं. या चिखलाचं चित्र जेवणघरात टांगता येणार नाही.

चौथा दिवस : स्टर्लिंग

परत दक्षिणेला. वॉलेसचं दुसरं स्मारक, १८६९ चं, टेकडीवर मनोरा, २४६ पायऱ्या, आत त्याची म्हणून दाखवतात ती तलवार. गुडघे म्हणाले खालूनच नमस्कार कर. केला. तलवार सायली बघून आली. “तुझ्यापेक्षा उंच आहे,” एवढाच अहवाल. बाकी दिवस कपडे वाळवण्यात गेला.

पाचवा दिवस : लॉख कॅट्रिन

सकाळी कॅलंडरहून टॅक्सी. ऊन! चालक म्हणाला, आज उन्हाळा आहे, उद्या नसेल.

या तलावावरच स्कॉटची ‘लेडी ऑफ द लेक’ ही दीर्घ कविता, १८१० ची. आठ महिन्यांत २५,००० प्रती गेल्या, आणि त्या उन्हाळ्यात लोक पुस्तक हातात घेऊन, ओळ बघून खडक शोधत इथे लोटले. खाणावळींत जागा मिळेना. एखाद्या मुलखाचं पर्यटन कवितेने सुरू झाल्याचं इतकं चोख उदाहरण दुसरं मला ठाऊक नाही.

बोटीचं नाव ‘सर वॉल्टर स्कॉट’, दुसरं काय असणार. १८९९ ची वाफेची बोट. तुकडे करून पडावांतून आणि मग घोडागाड्यांवरून डोंगरापलीकडून आणले आणि इथे जोडले. मधोमध इंजिन उघडं आहे. पितळी नळ्या, वंगणाचा वास, आणि दट्ट्या हलतोय तो अगदी आपल्या आजीच्या जात्याच्या लयीत. पोरं तिथेच खिळली होती, मीही.

काठाला डोंगर थेट पाण्यात उतरतात. कवितेतलं एलनचं बेट दिसलं. तिथला रुपेरी वाळूचा काठ मात्र दिसत नाही, कारण तो पाण्याखाली आहे. १८५९ पासून हा तलाव ग्लासगोला पाणी पाजतो, त्यासाठी पातळी वाढवली. कवितेतली नायिका जिथे नाव लावायची ती जागा बुडवून ग्लासगोच्या नळाला पाणी आलं.

आणि इथेच रॉब रॉय. तलावाच्या वरच्या टोकाला ग्लेनगाइल, तिथे १६७१ मध्ये त्याचा जन्म. खरा रॉब रॉय मॅकग्रेगर हा गुरांचा हेडी. डोंगरातली गुरं खरेदी करून सखल मुलखाच्या बाजारात न्यायची. ड्यूक ऑफ माँट्रोजकडून त्याने हजार पौंडांची उचल घेतली, त्याचा गुराखी पैसे घेऊन पळाला, ड्यूकने याला फरारी ठरवून घरावर नांगर फिरवला. मग हा ड्यूकचेच खंड-वसुलीचे पैसे लुटू लागला. ड्यूकच्या कारभाऱ्यालाच पळवून या तलावातल्या एका बेटावर कोंडून ठेवलं. याशिवाय त्याचा एक सचोटीचा धंदाही होता: ठरलेली रक्कम द्या, तुमची गुरं चोरीला जाणार नाहीत, गेली तर शोधून आणून देतो. या रकमेला तिथे ‘ब्लॅकमेल’ म्हणत. ‘मेल’ म्हणजे सारा, खंड. जगभर बदनाम झालेला हा शब्द स्कॉटलंडच्या सीमेवरच्या आणि डोंगरातल्या अशाच वसुलीतून आला.

“म्हणजे चौथ,” सायली म्हणाली.

इतिहासाच्या तासाला झोपा काढणाऱ्या भाचीकडून हे ऐकून ऊर भरून आला. मुलूख, वसुलीचा अधिकार, दरबारी कागदपत्रं असं सगळं वेगळं असलं, तरी संरक्षणाच्या बदल्यात पैसा हे सूत्र तेच. आणि देणाऱ्याने त्याला काय म्हणायचं आणि घेणाऱ्याने काय, हा वादही तोच.

‘रॉब रॉय’ १८१७ च्या अगदी शेवटी आली. हे नाव सुचवलं प्रकाशकाने. पुस्तकात हा प्राणी सुरुवातीला वेषांतरात डोकावतो आणि खऱ्या रूपात येईपर्यंत निम्मं पुस्तक उलटतं. सांगणारा पुन्हा एक इंग्लिश पोरगा. पण माझं आवडतं पात्र बेली निकोल जार्वी, ग्लासगोचा व्यापारी, रॉब रॉयचा लांबचा नातेवाईक. हा हिशेब मांडून सांगतो की डोंगरात माणसं किती, काम किती जणांना, आणि उरलेल्यांनी चोरी करू नये तर काय करावं. मारामारीत अंगावर आलेल्याला तो खानावळीच्या चुलीतला तापलेला नांगराचा फाळ घेऊन भिडतो. तलवार उपसायला जातो तर ती गंजून म्यानातच अडकलेली! शूरवीर कोण, हे मला विचाराल तर मी त्या फाळाकडे बोट दाखवीन.

सहावा दिवस : बल्व्हिडर

या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘क्यू’ आहे, जो कोणी उच्चारत नाही. हमरस्त्यावर बसने सोडलं, तिथून दोन मैल पायी. चालकाने कालच सांगितलं होतं तसं, उन्हाळा संपला होता. आणि ‘मिज’ सुटले होते, चिलटांची चुलत भावंडं, पण चावणारी. सायलीने डोक्यावर जाळी ओढली. मी पदर घेतला.

चालता चालता तिला स्कॉटची इथली पहिली भेट सांगितली. हे त्यानेच ‘रॉब रॉय’च्या नंतरच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. पोरवयात वडिलांच्या वकिली कचेरीत तो उमेदवारी करत होता. बल्व्हिडरच्या डोंगरात इन्व्हर्नेन्टी नावाची वाडी, तिथे मॅकलॅरन कुळं. त्यांना जमिनीवरून काढायचा हुकूम घेऊन याला पाठवलं. सोबत स्टर्लिंगहून एक सार्जंट आणि सहा शिपाई. म्हणजे हायलंडच्या कथांचा हा महाराज या दरीत पहिल्यांदा शिरला तो कुळं हुसकवायला, बंदुकांच्या पहाऱ्यात! वाटेत त्या सार्जंटने त्याला रॉब रॉयच्या गोष्टी सांगितल्या. पोचले तर घर रिकामं. माणसं आधीच निघून गेली होती.

“बेलिफ होता म्हण की.”

“उमेदवार बेलिफ.”

“आणि मग त्याच लोकांवर पुस्तकं लिहून बंगला बांधला?”

मला उत्तर सुचेना. माझ्या नोकरीत मीही जप्तीच्या नोटिसांवर सह्या केल्यात. एका तालुक्याच्या शाखेत असताना एका घरी गेलो होतो, तर अंगणात फक्त तुळशीवृंदावन आणि दाराला कुलूप. शिपायाने मला त्या घराण्याची सगळी कथा तिथेच उभ्या उभ्या ऐकवली, आजोबा पैलवान होते वगैरे. मी ती लिहिली नाही. परत येऊन फाइलवर शेरा मारला: ‘पक्षकार आढळला नाही.’ हे मी सायलीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, जाळीतून नुसती बघत राहिली.

चर्च लहान, शेजारी जुन्या चर्चची बिनछपराची भिंत. तिच्यासमोर रेलिंगच्या आत कबरी: रॉब रॉय, त्याची बायको, दोन मुलं. बायकोचं नाव मेरी. कादंबरीत स्कॉटने तिची रणचंडी करून हेलन ठेवलं. दगडाच्या फटींत लोकांनी नाणी खोचलेली. यातल्या एका मुलाने, रॉबिनने, बाप गेल्यावर दोन वर्षांत एका मॅकलॅरनला गोळी घातली. कुठला मॅकलॅरन? त्याच इन्व्हर्नेन्टीचा. वीराच्या पोरांचं शेजाऱ्यांशी असं होतं.

त्याची स्वतःची गोष्ट मात्र ड्यूकच्या तुरुंगात किंवा फासावर संपली नाही. २८ डिसेंबर १७३४ ला तो इथेच वरच्या वाडीत घरी वारला.

कबरीवर तीन इंग्रजी शब्द आहेत: मॅकग्रेगर डिस्पाइट देम. १६०३ मध्ये राजाने मॅकग्रेगर हे आडनावच बेकायदा केलं होतं. लावलं तर मरण. मधे बंदी उठली, १६९३ ला पुन्हा आली, कायमची गेली १७७४ मध्ये. रॉब रॉयला कागदावर आईचं कॅम्पबेल आडनाव लावून दिवस काढावे लागले.

“डिस्पाइट देम म्हणजे काय म्हणायचं मराठीत? ‘त्यांच्या असूनही’?” सायली.

“त्यांच्या नाकावर टिच्चून.”

तिने ते फोनमध्ये टिपून घेतलं. एवढ्यात एक कुटुंब आलं, ऑस्ट्रेलियाचं, आजोबा, दोन नातू. आजोबांनी पाकिटातून ओळखपत्र काढून आधी नातवांना आणि मग, कोणी विचारलं नसताना, आम्हालाही दाखवलं. आडनाव मॅकग्रेगर. धाकट्या नातवाच्या अंगावर लाल-हिरव्या चौकड्यांचा मफलर, किमतीची चिठ्ठी अजून लोंबत असलेला. आजोबांनी त्याला कबरीसमोर उभं केलं, फोटो काढला, बघितला आणि म्हणाले, चिठ्ठी आत खोच.

शेवटची बस सव्वाचारची होती. आम्ही दोन मैल मागे चालत सुटलो, सायली पुढे, मी मागे, मिज दोघींच्या भोवती.